पाटा, वरवंटा आणि मधले आम्ही

आत्याला जीपमध्ये चढवायला आधी आम्ही पाट ठेवून पाहिला. पुरला नाही. मग चौरंग आणला, तोही अपुरा पडला. शेवटी सत्यनारायणाच्या चौरंगावर पाट, पाटावर आत्या आणि आत्याच्या मागे आधाराला मी, असा तो सोहळा पार पडला. वर पोचल्यावर आत्या म्हणाली, "अरे, माझ्या लग्नातसुद्धा मला एवढं उंच बसवलं नव्हतं." मला ते कौतुक वाटलं. जीप उंच करून घेतल्याला तेव्हा आठच दिवस झाले होते, आणि नव्या वस्तूचे पहिले आठ दिवस माणसाला सगळंच कौतुक वाटतं.

निघालो होतो पुण्याहून भोरला. हिच्या मांडीवर दह्याची बरणी होती. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, इथपर्यंत हायवे होता म्हणून आत्या निदान वाक्यं पूर्ण करत होती. कापूरहोळला वळल्यावर वाक्यांचे तुकडे पडायला लागले. तिसऱ्या गतिरोधकानंतर तिने शांतपणे कवळी काढली, रुमालात बांधली आणि पिशवीत ठेवली. पुढे भोरपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. ते रागानं की दातांअभावी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरी पोचून बरणी उघडली, तर वर लोण्याचा गोळा! "बरं झालं," ही म्हणाली, "आता रवीची कटकट नको. साय भरून बसायचं आणि तूप घेऊन उतरायचं."

या सगळ्याच्या मुळाशी माझा पुतण्या आहे. माझी जीप जुनी, चारही चाकांना कमानपाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग) असलेली. वीस वर्षं ती निमूट चालत होती. पुतण्या एकदा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "काका, गाडी भारी आहे, पण बसकी दिसते." माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच. 'बसकी' हा शब्द मला कुठे लागला असेल, ते सांगायला नको. पंधरा दिवसांत मी एका गॅरेजच्या दारात होतो. अडीच इंच उंच करणारे जाडजूड नवे पाटे बसले आणि २९ इंची टायर जाऊन ३३ इंची आले. दीड लाख रुपये गेले. पण सोसायटीत हवा झाली! वॉचमन, जो चेअरमनलाही बसल्या जागेवरून हात करतो, तो मला उठून सलाम ठोकायला लागला. लहान मुलं जीपखालून आरपार पळायची. एका कुत्रीनं तर खाली पिल्लं घातली, म्हणजे जागेला मागणी होती.

हिशोब मात्र मी नंतर केला. रानात दगड आधी कुठे आपटतो? ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला. हा ॲक्सल पाट्यांनाच बांधलेला असतो. पाटे कितीही उंच करा, तुम्ही वर जाता, गोळा जातो कुठे? तो आपला होता तिथेच. तो उंच होतो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्म्यानं. म्हणजे टायर चार इंचांनी वाढवले तेव्हा गोळा वर गेला दोन इंच. पाट्यांचे अडीच इंच कशासाठी? तर मोठे टायर आत मावावेत म्हणून आणि काकांनी बसकं दिसू नये म्हणून. पहिल्या कारणाला गॅरेजवाले 'क्लिअरन्स' म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते आमच्या हिला विचारा.

जीप मुळातच गादी नव्हे, हे मान्य. १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी विलिसची जीप तयार झाली, तेव्हा कागदोपत्री तिची ओळख होती पाव टनी ट्रक. गाडीत बसणाऱ्याला शत्रू मारणार की खड्डा, एवढाच प्रश्न असल्यावर गादीचा विचार कोण करतो? १९४७ पासून महिंद्रांनी हीच जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि मग कलेक्टरपासून ऊसवाल्यांपर्यंत सगळ्यांनी आपापले मणके तिच्या स्वाधीन केले. त्या मूळ जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. ताशी ३६ किलोमीटरनं निघालात तर पुढच्या चाकाला बसलेला धक्का मागच्या चाकाला बसायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. पहिल्या धक्क्याला तुम्ही "अगं" म्हणता आणि "आई गं" पूर्ण व्हायच्या आत दुसरा येतो.

तरीही माझी जीप वीस वर्षांत कधी लोणी काढण्याइतकी कडक नव्हती. मी चौकशी सुरू केली आणि एक गोष्ट कळली. कंबरदुखी आणि कडक गाडी, या दोन दुखण्यांवर औषध ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात नाही. एक म्हणाला, मागे वाळूची पोती टाका. दुसरा म्हणाला, रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे टाका (हे रबराहून कडक असतात, हे त्याने सांगितलं नाही). साडू म्हणाले, "सीट बदला. माझ्याकडे जुनी सोफ्याची गादी आहे." पुतण्या म्हणाला, "काका, शॉकअप इंपोर्टेड टाका, विषय संपला."

मी अर्थातच सगळ्यात महाग सल्ला ऐकला. निळ्याशार रंगाचे चार शॉकअप आले. विषय संपला नाही. जीप पूर्वीइतकीच कडक राहिली, फक्त आता खालून निळी दिसायला लागली. नंतर उमगलं की गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाही. वजन पेलतो पाटा. पाटा एकदा दबला की वर-खाली, वर-खाली नाचत बसतो, त्याचा नाच थांबवायचं काम शॉकअपचं. लग्नात घोड्यावरच्या नवरदेवाला सांभाळायला जसा एक मामा असतो, तसा. घोडाच अडेल असेल, तर मामा इंपोर्टेड आणून काय होणार?

शेवटी मी हडपसरच्या बाजूला एका पाटेवाल्याकडे गेलो. ट्रकच्या कमानी ठोकून ठोकून म्हातारा झालेला मेस्त्री. त्याने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बोनेटवर बसून दोन्ही पाय हलवले. जीप हलली नाही.

"साहेब, यात माल काय भरता?"

"माल नाही हो. आम्ही दोघं. कधीतरी आत्या."

"आत्या किती किलो?"

"असेल पंचेचाळीस."

मेस्त्री बोनेटवरून उतरला. "मग हे पाटे कुणासाठी? हे पाटे तीनशे किलोच्या बेतानं घडवलेत. पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, वर कॅरेजला चार माणसांचं सामान, हे सगळं लादलं की हे नीट बसतात. तुमच्याकडे ते काहीच नाही. ट्रकवाल्याला विचारा. खाली गाडी उडते, भरली गाडी झुलते."

हे मला लगेच पटलं, कारण भरलेल्या एसटीत उभं राहून मी डुलक्या काढलेल्या आहेत. पाट्याला त्याच्या वाटणीचं ओझं दिलं की तो वाकतो, आणि वाकला म्हणजेच मऊ वाटतो. जे ओझं कधी येणारच नाही, त्याच्या तयारीत ताठ उभा राहतो तो कडक. अशी माणसंही मी नात्यात पाहिली आहेत. त्यांच्याबरोबरचा प्रवासही असाच होतो.

मेस्त्रीने पाट्यांचा गठ्ठा दाखवला. "पानं मोजा." पाच होती. पाट्याच्या एकेका पट्टीला गॅरेजात 'पान' म्हणतात, हा मला फार सुंदर शब्द वाटतो. "तुमची मूळची पानं पातळ होती, संख्येनं जास्त. ही जाड आहेत आणि मोजकी. उंची स्वस्तात मिळते, पण पान वाकत नाही."

घरी येऊन मी गणित तपासलं. पानाचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट! म्हणजे एका जाड पानाच्या जागी निम्म्या जाडीची दोन पानं घातली, तर दोघांचा मिळून कडकपणा पाव भरतो. ही तर स्वयंपाकघरातली गोष्ट आहे. चार पातळ पोळ्या एकावर एक ठेवून खुशाल गुंडाळी करा, होते. तेवढ्याच जाडीची एकच भाकरी वाकवून पाहा. पोळ्यांच्या मध्ये तूप असेल तर त्या एकमेकींवरून सरकतात. तूप नसेल आणि दोन दिवस शिळ्या असतील, तर चार पोळ्यांची एक भाकरी होते. पाट्यांच्या बाबतीत तुपाच्या जागी ग्रीस असतं आणि शिळेपणाच्या जागी गंज.

आणि कडकपणा म्हणजे नक्की काय होतं? साधी गाडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दीड झोका घेते. स्प्रिंग जितकी ताठ, तितके झोके भरभर. माणसाचं शरीर मात्र सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या आसपास सगळ्यात जास्त कावतं, तिथे पोट, पाठ आणि स्वभाव एकदमच हलतात. झोपाळ्यावर बसवलं तर आत्याला डुलकी लागते. चाळणीत बसवलं तर कवळी काढावी लागते. माझ्या जीपचा झोपाळा मी दीड लाख मोजून चाळणीत बदलून घेतला होता.

उपचार सुरू झाले. मेस्त्रीने पहिल्या दिवशी एकही पाना हातात घेतला नाही. खिशातून खडू काढला. प्रत्येक टायरवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जाड रेघ मारली आणि म्हणाला, "सरळ रस्त्यानं जरा फिरवून आणा." आणली. रेघ फक्त मधे पुसली होती. दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा! म्हणजे टायर रस्त्यावर पोटावर झोपलेल्या माणसासारखा टेकत होता, हातपाय वर. मोठा टायर म्हणून पंपावरच्या पोरानं प्रेमानं ४० पौंड हवा भरली होती. मेस्त्री दोन-दोन पौंड सोडत गेला, मी चक्कर मारत गेलो. २६ वर आल्यावर रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली. कडक बाजूच्या त्या जाडजूड टायरांना पहिल्यांदा रस्त्याचा स्पर्श झाला. निम्मा त्रास त्या दिवशीच कमी झाला. खर्च, एक खडू. (पाणंद रस्त्याला आणखी सोडता येते, पण हायवेला लागण्याआधी परत भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापतो.)

दुसऱ्या दिवशी त्याने पाट्यांच्या टोकांचे बोल्ट तपासले आणि कपाळाला हात लावला. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो. पाटा वर-खाली होतो तसा हा बुश पिळला जातो. आमच्या गॅरेजवाल्याने जीप जॅकवर टांगलेली असतानाच सगळे बोल्ट आवळले होते. चाकं हवेत, पाटे लोंबते, आणि त्याच अवस्थेत रबर घट्ट पकडलेलं. जीप खाली टेकली, तेव्हापासून प्रत्येक बुश पिळलेल्या फडक्यासारखा बसला होता आणि गाडीला परत वर ढकलत होता. मेस्त्रीने बोल्ट सैल केले, जीप चाकांवर उभी केली, मला मागच्या बंपरवर नाचायला लावलं (वॉचमनने हे पाहिलं नाही, हे माझं नशीब) आणि मग तिच्या स्वतःच्या वजनाखाली बोल्ट आवळले. जीपने अक्षरशः सुस्कारा टाकला. तो माझाही असू शकेल.

तिसऱ्या दिवशी पाटे उतरले. मधल्या बोल्टचा नट सोडण्याआधी मेस्त्रीने गठ्ठा शिकंज्यात आवळला. दाबून ठेवलेली पानं एकदम सुटली तर माणसाला लोळवतात. पानं वेगळी करून त्याने तारेच्या ब्रशने घासली, ग्रीस लावलं, टोकांखाली प्लास्टिकच्या पातळ चकत्या घातल्या आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान काढून बाजूला ठेवलं.

"हे परत कधी घालायचं?"

"आत्या तीनशे किलोची झाली की."

मग शॉकअप. माझे निळे मामा उंचीने कमी पडत होते. जीप अडीच इंच वर गेली, पण हे जुन्याच मापाचे. म्हणजे ते मुळातच ताणून उभे. चाक खड्ड्यात उतरायला लागलं की दांडी शेवटापर्यंत यायची आणि "ठक!" मला जो खड्ड्याचा आवाज वाटत होता, तो शॉकअपचा होता. मेस्त्रीने खालचा बोल्ट काढून दाखवला, तसा ॲक्सल आणखी दोन इंच खाली आला. पण आता पान काढल्यामुळे जीपही इंचभर बसली होती, तेव्हा थोड्या लांब मापाचे, साध्या रंगाचे शॉकअप पुरले. निळे पुतण्याच्या वाढदिवसाला दिले.

जीप उंच करताना पुढचा ॲक्सल किंचित फिरला होता आणि साठच्या वर स्टिअरिंग थरथरायचं. मेस्त्रीने पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये उतरती लोखंडी पाचर बसवली. गाडी सरळ झाली. आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ पाचरा मारल्या, पण उपयोगी पडलेली ही पहिलीच.

एक दुखणं मात्र उरलं. जीप इंचभर बसल्यावर वळणावर ३३ इंची टायर मडगार्डला घासायला लागले. मी लगेच म्हणालो, "मग परत उंच करू?" मेस्त्री काही बोलला नाही. त्याने बाजूला काढलेलं पान उचललं आणि माझ्या हातात दिलं. बरंच जड होतं. मी ते खाली ठेवलं आणि टायर विकले. जुने २९ इंची विकलेच होते, म्हणून ३० इंची घेतले. त्याच सुमारास वकील मित्राने ऐकवलं की सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीतच सांगून ठेवलंय, आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. मी म्हटलं, "आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "तू इतका वर बसला होतास की माझा आवाज पोचत नव्हता."

गतिरोधकांपुढे मात्र मेस्त्रीचेही हात टेकले. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप घालून दिलंय. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरनं अलगद ओलांडता यावा असा सौम्य उंचवटा. आमच्या वाटेवरचे गतिरोधक बांधणाऱ्याने हे माप वाचलं असावं, पण रुंदीचा आकडा उंचीला लावला असावा. घमेलंभर काँक्रीट ओतायचं, संध्याकाळी पांढरा पट्टा मारायला विसरायचं. असल्या टेकाडावर कुठलाही पाटा, कुठलाही शॉकअप मऊ नसतो. तिथे एकच उपाय, ब्रेक.

आता हिशोब. उंच करायला दीड लाख. निळ्या शॉकअपचे वेगळे. मऊ करायला मेस्त्रीची मजुरी, ग्रीस, चकत्या, पाचर, साधे शॉकअप, पुन्हा टायर. त्यातल्या कशाने किती आराम मिळाला, याची यादी मी एका रात्री करत बसलो, तेव्हा ध्यानात आलं की कामाच्या बहुतेक गोष्टी काढण्याच्या होत्या. गंज काढला, एक पान काढलं, बुशांचा पीळ काढला. घालण्यासारखं फार थोडं होतं आणि ते शेवटी होतं. मी सुरुवातच घालण्यापासून केली होती.

परवा पुन्हा भोरला गेलो. चढायला पाट पुरला, चौरंग घरीच राहिला. हिच्या मांडीवर तीच बरणी. कापूरहोळ गेलं, तिसरा गतिरोधक गेला. आत्याने पिशवीत हात घातला तेव्हा माझं काळीज चरकलं, पण तिने काढली ती श्रीखंडाची गोळी. चघळत चघळत ती भोरपर्यंत बोलत राहिली. माझ्या वडिलांच्या लहानपणापासून माझ्या बुद्धीपर्यंत सगळे विषय झाले. जीप मऊ झाल्याचा हा एकच तोटा.

घरी पोचल्यावर ही बरणी घेऊन खिडकीपाशी गेली. मी मागे उभा. दही मोडलं होतं, पाणी सुटलं होतं. पण लोणी आलेलं नव्हतं.

वॉचमन आता पुन्हा बसल्या जागेवरून हात करतो. चालायचंच. तुमच्याही घरी अशी कुणी उंच, देखणी आणि कडक गाडी उभी असेल, तर इंपोर्टेड वगैरे काही मागवण्याआधी खिशात एक खडू टाका आणि हवा कमी करून पाहा. हवा कमी करायला पैसे पडत नाहीत.